घर क्रमांक सदतीस

धनेश माझ्याशी म्हसळ्यात बोलायचा आणि करंजपाणीत बोलायचा नाही. त्यात चोरीछुपे असं काही नव्हतं. म्हसळ्याच्या स्टँडवरून सहाआसनी रिक्षा सुटली की करंजपाणीच्या ओढ्यावरच्या साकवापर्यंत आम्ही गप्पा मारायचो. साकव ओलांडला की तो मोबाइल काढायचा आणि मी बाहेर बघायचे. गाडीतली बाकीची माणसंही तेच करायची. पुढे पुढे मला इतकी सवय झाली की साकवाच्या अलीकडच्या वळणावरच मी वाक्य आवरतं घ्यायचे.

आमचं घर वाळीत होतं. चार वर्षं.

शहरातली माणसं याबद्दल फार उत्सुकतेनं विचारतात. त्यांना दगडफेक, शिवीगाळ असं काहीतरी ऐकायचं असतं. तसलं काही नसतं. गिरणीत आपला डबा सगळ्यांच्या मागे राहतो. शिमग्याला पालखी आपलं दार सोडून पुढे जाते. लावणीला माणूस मिळत नाही. आपण समोरून आलो की समोरच्याला नेमकं तेव्हाच चपलेचा अंगठा नीट करायचा असतो. पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी भांडले, तिसऱ्या वर्षापासून काही वाटेनासं झालं. ते बरंच झालं असं मला तेव्हा वाटायचं.

कारण विचाराल तर शेतात जायची वाट. माझे बाबा, धर्माजी, यांचं त्या वाटेवरून हरेश्वरकाकांशी वाजलं. हरेश्वरकाका गावकीचे प्रमुख, त्यामुळे गावकीनं काय निकाल दिला ते सांगायला नको. बाबांना तो पटला नाही आणि ते तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेले. गावकीला डावलून कचेरीची पायरी चढले, हा गुन्हा. सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी कुणी बोलेना. या प्रकाराविरुद्ध कायदा आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर गावकी कागदावर काही लिहीत नाही. सभेच्या वहीत त्या दिवशी पाण्याच्या टाकीचा विषय लिहिलाय.

दुसऱ्या वर्षी बाबा गेले. त्यांना आम्ही टेम्पोतून नेलं. माझा भाऊ हर्षद, दोन मामा आणि चौथा खांदा टेम्पोच्या ड्रायव्हरचा. लाकडंही म्हसळ्याहून विकत आणलेली. आमच्याकडे मयताला घरटी एक माणूस आणि एक लाकूड येतं, सांगावं लागत नाही. त्या दिवशी एकही आलं नाही. सगळ्या घरांची दारं उघडी होती आणि ओट्यांवर कुणी नव्हतं.

आई तेव्हापासून एकच म्हणायची. "माझ्या येळेला गावचा खांदा पायजे. नि तेराव्याला गाव जेवला पायजे. मंग मी सुटले." आधी आठवड्यातून एकदा म्हणायची. डायलिसिस सुरू झाल्यावर रोज म्हणू लागली, आणि माझ्याकडून वचन घेऊन झोपायची. मी वचन द्यायचे. औषधासारखं ते रात्रीचं एक काम होतं.

आता धनेशबद्दल सांगते, कारण हे त्याच्याबद्दल आहे.

धनेश आणि मी बालवाडीपासून बरोबर. किरकोळ अंगाचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर "बघू." नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येई. बारावीनंतर त्यानं म्हसळ्यात झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि हळूहळू तो सगळ्या तालुक्याचे ऑनलाइन फॉर्म भरू लागला. सातबारा, रेशन, बायकांच्या योजना, पीकविमा. स्मरणशक्ती अशी की कुणी काउंटरशी आलं की तो त्याची जन्मतारीख स्वतःच टाइप करी. "माझी तुला कशी पाठ?" असं विचारलं तर म्हणे, "एकदा भरली ना." मी शेजारच्या मेडिकलमध्ये काम करते. दुपारी दोन्ही दुकानांचं शटर अर्धं खाली आलं की डबा आम्ही त्याच्याकडे खायचो. तो सुकटीची चटणी आणायचा आणि अर्धी मला द्यायचा, न विचारता.

त्याचे वडील रंगूकाका गावकीची हाळी देत. सभा, मयत, लग्न, काही असलं की काठी आपटत दारोदार जायचे आणि ओरडून सांगायचे. एखादं घर वाळीत असलं तर त्या दारासमोर ते गप्प होत, काठीही उचलून धरत, आणि पुढच्या दाराशी पुन्हा सुरू होत. लहानपणी आम्ही त्यांच्यामागून जायचो आणि त्या घरासमोर आम्हीही तोंडावर हात ठेवायचो. आम्हाला तो खेळ वाटायचा. मी त्यात होते, हे लिहून ठेवते.

रंगूकाका थकले तेव्हा निम्मं गाव मुंबईला, कामोठ्याला, पनवेलला होतं. तिथवर हाळी कशी पोचणार? म्हणून धनेशनं गावाचा ब्लॉग काढला. बारसं, साखरपुडा, पालखीचं वेळापत्रक आणि मुख्य म्हणजे मयत. लोक त्याला निरोप पाठवत, तो मजकूर नीट करून ब्लॉगवर टाकी आणि दुवा गावच्या ग्रुपवर. हळूहळू असं झालं की ब्लॉगवर आलं म्हणजे गावकीचं आमंत्रण. आलं नाही तर जायचं नाही. ग्रुपवर आम्ही होतो, पण आमच्या घरचं काही तो टाकत नसे. बाबा गेले ते टाकलं नाही. तेरावं उरकून मी कामावर गेले त्या दिवशी डबा खाताना त्यानं चटणी जास्त दिली आणि मी ती खाल्ली.

गेल्या वर्षी श्रावणात मुंबई मंडळाच्या स्वप्निलनं तक्रार केली की मयताची बातमी तीन-तीन तास उशिरा येते, माणूस निघेपर्यंत सरण विझतं. धनेशचंही खरं होतं, समोर चाळीस बायका फॉर्म घेऊन उभ्या असताना तो ब्लॉग कधी लिहिणार? मग त्यानं व्हिडिओ बघून बघून एक वर्कफ्लो टूल शोधून काढलं. पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. पहिल्या चौकोनात लोकांनी भरायचा फॉर्म, दुसऱ्यात त्याचा मजकूर तयार होणार, शेवटच्या चौकोनातून थेट ब्लॉगवर, तिथून ग्रुपवर. माणसाचा हात कुठे लागायचा नाही.

"ब्लॉगला एक पुढचं दार असतं, तिथनं आपण वाचतो," त्यानं मला समजावलं. "नि एक मागचं दार असतं. त्याला एपीआय म्हणतात. मशिनला मागच्या दारानं आत सोडायचं."

"मग कुणीही घुसेल."

"न्हाय ना. परवानगी लागते."

त्या परवानगीनं त्याचे आठ दिवस खाल्ले. टूल म्हणायचं किल्ली द्या, ब्लॉगवाले म्हणायचे आधी अर्ज करा, अर्ज केला तर परतीचा पत्ता जुळत नाही. पत्ता चारदा तपासला, एक तिरकी रेघ कमी होती. जुळला, चाललं, आणि सात दिवसांनी आपोआप मेलं. का, तर अर्ज अजून चाचणीच्या खात्यात होता आणि चाचणीतली परवानगी सातच दिवस टिकते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यानंच शोधलं. तहसील कचेरीत खेटे घालून घालून त्याच्या अंगात जो चिवटपणा आला होता तो इथे कामी आला.

शेवटी एका दुपारी त्यानं फॉर्म भरला. "चाचणी. कृपया दुर्लक्ष करावे." आम्ही श्वास रोखून ब्लॉग उघडला, तर सूचना पडलेली. पाच मिनिटांत तिच्याखाली मुंबईच्या चौदा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. धनेश इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. मला वाटतं त्या वर्षात मी तेवढंच हसले.

मग तो हसायचा थांबला. माउस हातात तसाच.

मला कळलं तो कशाला थांबलाय. आजवर आमचं घर गाळायला त्याला काही करावं लागत नव्हतं, नुसतं न करणं पुरायचं. मशिनला तसं जमत नाही. फॉर्म आला की ते छापणार. ज्याला गाळायचं त्याचं नीट सांगावं लागतं. त्यानं एक नवीन चौकोन घेतला, मध्ये बसवला आणि टाइप केलं. घर क्रमांक सदतीस असेल तर थांबा. नाव टाकलं नाही, आडनाव टाकलं नाही. घरपट्टीचा नंबर तेवढा.

"सदतीस म्हणजे आम्हीच ना?"

"व्हय."

चार वर्षांत ती गोष्ट लिहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस ती हवेत होती, कुणाच्याच तोंडची नव्हती, आणि आता एका चौकोनात काळ्या अक्षरांत होती. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

"फोटो काढायचा तर काढ," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "पोलिसांना पुरावा लागतो ना."

मोबाइल माझ्या हातात होता. काढला असता तर तुरुंगात धनेश गेला असता, हरेश्वरकाकांचं नाव त्यात कुठे होतं? असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते नाही. तक्रार झाली असती तर गाव कायमचं तुटलं असतं, आणि आईला खांदा पोलिसांचा नको होता. मी मेडिकलमध्ये परत गेले आणि संध्याकाळपर्यंत गोळ्यांच्या पट्ट्या लावल्या.

दिवाळीआधी ग्रामपंचायतीनं घरं नव्यानं मोजली. पूर्वी मोजणी साकवाकडून सुरू व्हायची, यंदा देवळाकडून केली. सगळ्यांचे नंबर बदलले. प्रत्येक दारावर नवी पाटी ठोकली गेली. आमच्या दारावर आली बावन्न. आणि सदतीस नंबर गेला हरेश्वरकाकांच्या दारावर. ही नवी यादी संगणकावर चढवायचं काम धनेशकडेच आलं होतं, सगळे नंबर त्याच्याच बोटांखालून गेले.

महिन्याभरानं हरेश्वरकाकांना नातू झाला. त्यांचा मुलगा साहिल नेरूळला असतो, त्यानं बारशाची सूचना फॉर्मवर भरली. पाटीवरचा नंबर टाकला, सदतीस. 'धन्यवाद, सूचना मिळाली' असं आलं, तो निवांत झाला. मशिननं नियम पाळला आणि सूचना जागच्या जागी थांबवली. रविवारी दोनशे माणसांचा स्वयंपाक झाला आणि चाळीस आली, त्यांतली निम्मी सुनेच्या माहेरची. मुंबईचं कुणी फिरकलं नाही. ब्लॉगवर नाव नाही म्हणजे काहीतरी झालं असणार, असं सगळ्यांनी धरलं. आणि वाळीत टाकलेल्याला का ते विचारायचं नसतं, हे वळण तर हरेश्वरकाकांनीच गावाला लावलेलं.

सोमवारी मला मेडिकलमध्ये हे कळलं. गोळ्या देता देता मला एकदम सगळं जुळलं, आणि मी शटरखालून वाकून धनेशकडे गेले.

"नंबर बदललेत. तुझ्या चौकोनातला बदललास का?"

तो कागदांना स्टेपल मारत होता. एक, दोन, तीन. "बघू," म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. त्यानं चौथा कागद उचलला. मग मी परत आले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आई गेली. खाटेवर, पेज पिता पिता. हर्षद तळोज्याच्या कंपनीतून निघाला तो दोनला पोचला, आणि पोचल्या पोचल्या टेम्पोवाल्याला फोन लावू लागला. मी ओट्यावर बसले आणि मोबाइलवर गावचा फॉर्म उघडला. सूचनेचा प्रकार, दुःखद निधन. नाव, जनी धर्माजी. वय, एकाहत्तर. अंत्ययात्रा, संध्याकाळी सहा. घर क्रमांक. मी मान वर करून आमची पाटी पाहिली आणि बावन्न भरलं. पाठवलं.

एका मिनिटात माझा मोबाइल वाजला. समोरच्या विनिताकाकीच्या घरात वाजला. तिच्या पलीकडे वाजला. दुपारची वेळ, वाडी शांत, मला प्रत्येक घरातला आवाज ऐकू आला.

अर्धा तास काही झालं नाही. हर्षद टेम्पोचं भाडं ठरवत होता. मग विनिताकाकी उंबऱ्यातून बाहेर आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पदर खोचून आमच्या अंगणात आली. "कधी गेली गं?" चार वर्षांत आमच्या अंगणातला गावचा तो पहिला आवाज. मी वेळ सांगितली. तिनं आत जाऊन चूल विझवली.

ती आलेली बघून शेजारचे आले. ते आलेले बघून देवळाकडचे आले. प्रत्येकाच्या काखेत एक लाकूड. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुणीतरी ठरवलं असणार, एवढं प्रत्येकाला पुरेसं होतं. वाळीत टाकतानाही असंच झालं होतं. पाचनंतर पनवेल, कामोठ्याच्या गाड्या लागायला लागल्या. एकानं हर्षदला हळूच विचारलं, "वाळीत कधी उठवलं रे?" हर्षदनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजच." टेम्पोवाल्याला त्यानं परत पाठवलं.

हरेश्वरकाका बराच वेळ आपल्या ओट्यावर उभे होते. थांबवणार तरी काय म्हणून? तोंडानं काही बोलले असते तर चार माणसांदेखत कायद्यात सापडले असते. शिवाय रविवारपासून ते स्वतः गावात आहेत की नाहीत, याची त्यांनाच खात्री उरली नव्हती. शेवटी तेही लाकूड घेऊन आले. न येणारा कोण, ते लोक बघणार होते.

तिरडी उचलायच्या आधी धनेश गर्दीतून पुढे आला. सगळ्यांदेखत, करंजपाणीच्या जमिनीवर उभा राहून तो माझ्याशी बोलला. "काकीचा चष्मा काढलास का?"

काढला नव्हता. सकाळपासून आई चष्मा लावूनच झोपली होती, आणि मला दिसलंच नव्हतं. मी तो काढला. धनेशनं पुढचा उजवा खांदा दिला.

मला वाटलं होतं, गाव आलं की मी ढसाढसा रडेन. एवढी वर्षं साठलेलं आहे, कुठेतरी असेलच. विनिताकाकीनं पाठीवर हात ठेवून वाट पाहिली. काही आलं नाही. मी लोकांच्या चपला मोजत राहिले.

आठव्या दिवशी देवळासमोर सभा झाली. हर्षदला बोलावणं आलं, चार वर्षांनी. सुतक म्हणून तो पायरीखालीच थांबला, गावात परत घ्यावं म्हणून पायरीवर नारळ ठेवला आणि खाली बसला. मग धनेशला उभं केलं. तो म्हणाला, "चूक माझी हाय. नंबर बदलले ते इसरलो."

कुणीतरी नवखं होतं, त्यानं विचारलं, "कसला नंबर?" सगळे वहीकडे बघायला लागले. नंबर कसला ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

माझं नाव धनेशनं घेतलं नाही. सोमवारी मी त्याला आठवण करून दिली होती, हे त्यानं सांगितलं असतं तर नारळ तिथल्या तिथे परत आला असता. ज्या माणसाला तालुक्याच्या जन्मतारखा पाठ, तो म्हणाला इसरलो, आणि ते सगळ्यांनी मान्य केलं, कारण ते सोयीचं होतं. हरेश्वरकाका म्हणाले, "माझ्या नातवाचं बारसं ज्यानं नासवलं, त्याच्याकडं आपल्याला काय काम न्हाय." हात वर करायला कुणाला सांगितलं नाही. वहीत रस्त्याच्या दिव्यांचा विषय लिहिला.

ब्लॉग स्वप्निलकडे गेला. धनेशनं तिथेच बसून फोनवर त्याला सगळं दिलं, पासवर्ड, टूलचं खातं, परवानगी कुठून नवी करायची ते. स्वप्निलनं मला हे नंतर सांगितलं, तेही कौतुकानं, की धनेशनं किती नीट समजावलं. मधला तो चौकोन कसा उघडायचा, नंबर कुठे बदलायचा. "आता काय टाकू?" असं स्वप्निलनं विचारल्यावर धनेशनं आपल्या नव्या पाटीवरचा नंबर सांगितला. एकोणीस. "सेव्ह कर," म्हणाला, "न्हायतर जुनाच ऱ्हातो."

घरी हर्षदनं मला सभेचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तो धनेश आहे."

"मला न्हाय कळत?" तो म्हणाला. "आईला काय कबूल केलंस तू? तेराव्याला गाव जेवला पायजे. धनेश पंगतीला असला नि त्याला वाढलं तर गाव उठंल. उठला की पुन्हा चार वर्षं. तू काढशील?"

मी वाल निवडायला घेतले. मेडिकलमधून मी तेरा दिवसांची रजा घेतली होती, त्यामुळे धनेशशी गाठ पडत नव्हती, आणि मी रजा वाढवायचा विचार करत होते.

तेराव्याला अंगणात मांडव घातला. दोन पंगती झाल्या. तिसरी पंगत मोठी, तिच्यात हरेश्वरकाका आणि गावकीचे सगळे. पानं मांडून झाली, मीठ आणि लोणचं वाढून झालं, आणि धनेश आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. बोलावणं त्याला नव्हतं. पण खांदा दिलेल्या माणसानं तेराव्याला जेवायला यायचं असतं, त्याला बोलावणं लागत नाही. त्यानं बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले आणि पंगतीच्या शेवटच्या पानावर बसला. शेजारचा थोडा सरकला.

कुणी उठलं नाही. हरेश्वरकाकांच्या पानात भात पडला होता, त्यावर वरण होतं, पण त्यांनी हात लावला नाही. ते वाट बघत होते. त्यांच्यामुळे बाकीचे वाट बघत होते. हर्षद स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

भाताचं घमेलं माझ्याकडे होतं. मी एकेक पान करत पुढे गेले. डाव उचलायचा, मूद पाडायची, पुढचं पान. माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी नंतर खूप आठवून पाहिलं. भीती म्हणावी तर नव्हती. राग नव्हता, आणि दया तर मुळीच नव्हती. काहीच नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती आता त्याची वाटते. शेवटून दुसरं पान आलं, मी वाढलं. मग धनेशचं पान आलं. त्यानं हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले होते आणि तो पानाकडे बघत होता, मला त्याच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून. माझे पाय थांबले नाहीत. मी त्याच्या पानावरून पुढे गेले, वळले, आणि समोरच्या ओळीतल्या पहिल्या पानावर भात वाढला.

मागे पंगत जेवायला लागल्याचा आवाज झाला.

मी ओळ पुरी करून वळले तेव्हा धनेश पानावरचं मीठ आणि लोणचं खात होता. सावकाश, जेवण जेवावं तसं. तेवढं संपवून त्यानं पान दुमडलं, स्वतःच उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. आईच्या फोटोला नमस्कार केला. जाताना हर्षदला म्हणाला, "जेवण बेस झालंय."

त्या दिवशी तीनशे माणसं जेवली. गावातलं एक घर सोडून सगळी घरं आली होती.